डबलरावांचे जादा दिवे

डबलरावांचं खरं नाव सायकल क्लबात कुणाला आठवत नाही. जिथे एक स्क्रू पुरतो तिथे हा माणूस दोन लावतो, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळतो आणि मग सायकल धरून अशी गदागदा हलवतो, की मालकाने डोळे मिटून घ्यावेत. "निसटायचंच असेल तर माझ्यासमोर निसटू दे," म्हणतात.

क्लबातल्या सायकलीही साध्या नव्हेत. आरामखुर्चीला चाकं लावावीत तशा. माणूस मागे रेलून पहुडतो, पाय पुढे सोडतो आणि पुढच्या दांड्याच्या टोकाला असलेली पेडलं मारतो. पाठीला आराम, पण उंची एवढी कमी की मोटारवाल्याला दिसेल तर शपथ. म्हणून शर्यतीचा नियम कडक: पुढे दिवा, मागे दिवा, आणि कोण कुणाला घासून गेलं ही भांडणं मिटवायला एक कॅमेरा. हे सगळं बसवायचं काम डबलरावांचं. एरवी ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात.

नवखा हमखास एक चूक करतो. साध्या सायकलच्या सवयीने दिवा हँडलला लावतो, आणि अंधारलं की रस्त्याऐवजी त्याचेच गुडघे उजळून निघतात. डबलराव रागावत नाहीत. "गुडघे छान आहेत तुमचे, पण शर्यत रस्त्यावर आहे," म्हणतात आणि दिवा पेडलांच्याही पुढे, दांड्याच्या नाकावर नेऊन बसवतात. कॅमेरा डोक्यामागच्या उशीवर, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे चित्र थरथरत नाही.

या क्लबात त्यांची बायकोही आहे. ती कुरिअरच्या खिडकीत बसते आणि दिवसभर पार्सलं उचलते. पाठीने दगा दिल्यावर डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली, तेव्हा ती या पहुडलेल्या सायकलवर आली आणि शर्यतीच्या नादी लागली. नाद मोठा, निकाल जेमतेम. दरवर्षी ती पोचायची तेव्हा वेळ संपल्याचं लाल निशाण पडून गेलेलं असायचं, खुर्च्यांची आवराआवर चाललेली असायची, आणि डबलराव तेवढे एकटे उभे असायचे.

यंदा घड्याळ सांभाळणाऱ्या बाईंनी जाहीर केलं, की जे निशाणाच्या आत पोचणार नाहीत त्यांना पुढच्या वर्षी शर्यतीत घेणार नाही.

"म्हणजे मी टाळ्या वाजवायला यायचं," बायको घरी येऊन म्हणाली. "मला नाही वाजवायच्या."

शर्यतीच्या दिवशी दुपारी क्लबाच्या अंगणात तिची सायकल दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या सायकलमागे अडकली होती. हिने ती उचलून बाजूला ठेवली. मग स्वतःची उचलायला गेली आणि थबकली. पुन्हा डॉक्टरीणबाईंची उचलली, पुन्हा स्वतःची. पार्सलवाल्या बाईच्या हाताला कोण फसवणार?

"अहो, इकडे या जरा."

चोराच्या मनात चांदणं. डबलराव चष्मा पुसतच आले.

"त्यांच्या सायकलला पुढे एक दिवा. माझ्या सायकलला किती?"

"नियमात निदान एक असं आहे. जास्तीला बंदी नाही."

"आणि ही पिशवी कसली बांधलीय सीटखाली?"

"जादा बॅटरी. आणि जादा बॅटरीला काही झालं तर, तिची जादा."

"अहो, नाकापेक्षा मोती जड! वरात निघालीय का माझी? दरवर्षी वाटतं, माझ्याच पायात दम नाही. आणि तुम्ही तुमचं अर्धं दुकान माझ्या गळ्यात बांधलंय!"

डबलराव पुन्हा चष्मा पुसायला लागले. सांगण्यासारखं होतं, पण इतकी वर्षं सांगितलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका खड्ड्यात तिचा मागचा दिवा निसटून पडला होता आणि त्या रस्त्यावर ट्रक होते. ती अंधारातून सुखरूप आली, हसतच आली, पण तोवर डबलरावांचं जे काही व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर त्यांनी तिला घाबरलो म्हणून सांगितलं नाही. दर शर्यतीला एक दिवा तेवढा वाढवला.

"काढा," ती म्हणाली. "इतरांना जेवढं लावता, तेवढंच ठेवा. एक स्क्रू, एक दिवा."

"आणि निसटला तर?"

"इतरांचा निसटला तर काय होईल?"

"इतरांची वाट मी बघत नाही."

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बसली आणि पिशवीची गाठ सोडायला लागली. अर्थात ती सुटेना, कारण गाठ डबलरावांची होती. शेवटी त्यांनीच सोडली. एकेक दिवा काढताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की डॉक्टरीणबाईंना वाटलं, कुणाची दाढ काढताहेत.

दिवेलागणीला डबलराव शेवटच्या रेषेपाशी उभे राहिले. लांबून येणारा दिवा कुणाचा, हे ते नेमकं ओळखतात. बायकोचा तर ओळखावाही लागायचा नाही, ती यायची तेव्हा रस्त्यावर दुकान उघडल्यासारखं वाटायचं. एकेक दिवा आला आणि गेला. वरात काही दिसेना. घड्याळवाल्या बाईंनी लाल निशाण हातात घेतलं आणि डबलरावांच्या पाचावर धारण बसली. एक स्क्रू. कशाला ऐकलं आपण तिचं! निशाण खाली आलं.

डबलराव सरळ रस्त्याच्या मधोमध निघाले, त्या रिकाम्या अंधाराकडे. मागून कुणीतरी बाही ओढली.

"कुठे निघालात?"

ती होती. घामाघूम, हातात पाण्याची बाटली, अर्धी पिऊन झालेली.

"तू... कधी आलीस?"

"मघाशीच! हाका मारत गेले तुमच्यासमोरून!"

डबलरावांचा विश्वास बसेना, म्हणून घरी गेल्यावर कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. रस्ता, वळण, शेवटची रेषा, आणि रेषेपाशी उभे स्वतः डबलराव: मान लांब केलेली, चष्मा कपाळावर, नजर भलतीकडेच. "अहो! अहो, आले मी!" असा आवाज येतो, सायकल त्यांच्या बुटाला जवळजवळ घासून जाते आणि हा गृहस्थ मागच्या अंधारात बायकोला शोधतोच आहे.

बायको हसून हसून लोटपोट झाली. तिने तेवढाच भाग पुन्हा लावला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा मात्र तिने चित्र डबलरावांच्या चेहऱ्यावर थांबवलं आणि हसायची थांबली.

"इतके घाबरता?"

डबलरावांनी मान डोलावली. मग पडद्याकडे बघत घसा खाकरला.

"कॅमेरा हललेला नाही जराही."

"नाहीच. एकाच स्क्रूवर," ती म्हणाली आणि चित्र तसंच राहू दिलं.