दहा गाड्या पांढरी माती

सोलापुरात मनापासून हेवा करावा असा एकच माणूस मला भेटला, आणि माझं नशीब असं की तो आमच्याच शाळेत, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसायचा. मी इतिहासाचा मास्तर, तो भूगोलाचा. पण इतिहास सापडायचा त्याला. रविवारी मी जेवून आडवा व्हायचो, तेव्हा हा एस.टी.च्या टपावर सायकल टाकून भीमेकाठी गेलेला असायचा. सोमवारी खिशातून दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं काढून माझ्या वह्यांवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, जरा ओळखा बघू." मला कधीच ओळखता आली नाहीत.

खापरांचं त्याला फारसं कौतुकही नव्हतं. सगळा जीव अंतरांवर. जुनी वस्ती पाण्यापासून किती पावलांवर, शेजारच्या वस्तीपासून किती कोसांवर, आणि तिथंच का? "माणूस उगं कुटंबी बसत नसतोय," हे त्याचं ब्रह्मवाक्य. लग्नाच्या पंगतीत तो ताटात आमटीची नदी काढायचा, काठाने शेंगाचटणीचे ठिपके द्यायचा आणि शेजाऱ्याला प्राचीन गावं समजावून सांगायचा. एकदा त्याने पाण्याच्या माठापासून पावलं मोजून हेडमास्तरांना सांगितलं, तुमची खुर्ची चुकीच्या जागी आहे. मी असं बोललो असतो तर मेमो मिळाला असता. त्याचं ऐकून त्यांनी खुर्ची हलवली! खेड्यातल्या बाया त्याला ओसरीवर बसवून ताक द्यायच्या. मला कुटुंबनियोजनवाला समजून दारं लावून घ्यायच्या.

घरी भिंतीवर त्याचा नकाशा होता. उजनीचं धरण होत आलं होतं आणि पाणी चढायच्या आत काठच्या जुन्या वस्त्या टिपायच्या, हा त्याचा ध्यास. सापडलेल्या वस्तीला लाल ठिपका. गुरं चारून संध्याकाळी परतता येईल एवढ्या अंतरावर पुढचा ठिपका यायचाच. फक्त एके ठिकाणी दुप्पट अंतर पडत होतं. तिथं त्याने पेन्सिलीने रिकामं वर्तुळ काढलं होतं, आणि वर्षभराचे रविवार त्या वर्तुळापायी घालवले होते. पुण्याचे एक प्राध्यापक नकाशा बघायला येणार होते. तोवर ते रिकामंच राहावं, अशी माझी इच्छा होती. वाईट होती, पण होती.

आणि खापरं सापडली मला! मेहुण्याच्या गावी, नदीपासून दोन मैल आत, काळ्या रानात. लाल खापरं, त्यांवर काळ्या रेघा. वर्तुळापासून लांब, म्हणजे त्याचं सगळं गणित मोडणारी. सोमवारी मी ती त्याच्या वह्यांवर ओतली. त्याचा चेहरा पडला. त्या दिवशी मला डब्यातली शिळी भाकरीसुद्धा गोड लागली.

पुढच्या रविवारी तो मला घेऊन तिथं गेला. रानात एक म्हातारी खुरपत होती. त्याने मूठभर माती उचलून बोटांत चुरली.

"आजी, हितं पांढर टाकलीया न्हवं? कुटली?"

"व्हय की. नदीकडच्या टेकाडाची हाय. आमच्या मालकांनी धा गाड्या आनली. लई पीक येतंय तिनं."

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती. शेतकरी ती खत म्हणून रानात टाकतात, आणि मातीबरोबर खापरंही येतात. हे म्हातारीला माहीत, त्याला माहीत, इतिहासाच्या एम.ए.ला माहीत नव्हतं. मी बैलगाडीतून आलेल्या गावाचा शोध लावला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तो मात्र माझ्याकडे न बघताच नदीकडे पळत सुटला होता. बाभळींनी झाकलेलं ते टेकाड बरोबर त्याच्या वर्तुळात होतं.

प्राध्यापक आले तेव्हा वर्तुळाच्या जागी लाल ठिपका होता आणि शेजारी शोधणाऱ्याचं नाव होतं. माझं. प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी नमस्कार केला.

नंतर मी त्याला चिडूनच विचारलं, हे काय? तर म्हणाला, "तुमी ती खापरं आणली नसती, तर मी आजीपतूर पोचलो असतो व्हय?" वर्षभराचे रविवार असे कुणी देऊन टाकतं का? त्याच्या या देण्याचाही मला हेवाच वाटला.

टेकाड केव्हाच पाण्याखाली गेलं. तो जाऊनही आता वर्ष झालं. परवा बायकोबरोबर उजनीच्या काठाने येत होतो. पाण्याकडे बोट करून तिने विचारलं, "तुम्ही शोधलेलं गाव इथंच ना?"

"माझं नव्हे, त्याचं," मी म्हणालो.

बोललो एकदाचा, पण ऐकायला तो नव्हता.