फेट्याखालचे डोळे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर माझ्या मनातलं माझ्याआधी कळतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

मंठ्याला माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे बसस्टँडजवळचा एक गाळा, हसू नका. दोन हजार सालानंतर मी कॉम्प्युटरचा प्रिंटर घेतला आणि वेडच लागलं. रंगीत शाईतून काळा-पांढरा फोटो काढला की माणूस हिरवट दिसायचा, नाहीतर गुलाबी. मग मी रंगच काढून टाकले. काळी शाई पातळ करून राखाडी शाया बनवल्या — गडद, मध्यम, फिकट, अगदी फिकट — आणि त्या प्रिंटरमध्ये भरल्या. बायको म्हणायची, "शाई हाय का दूध? किती पानी घालून राह्यले?" पण गालावरची सावली काय सुरेख उतरायची! मी गावभर फुशारकी मारत फिरत होतो.

ती ऐकूनच सरूआजी आल्या, शेजारच्या खेड्यातून, मुलाला, भास्करला घेऊन. भास्करच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि भिंतीवर वडील हवे होते. त्यांचा एकुलता एक फोटो आजींनी पेटीत जपला होता. पांढरा फेटा, पांढरा सदरा, मिशा. फेट्याच्या घड्या बघून माझे हात शिवशिवले. लगेच स्कॅन करून परत द्यायचा ना? नाही. मला शाया जुळवायच्या होत्या. फोटो प्रिंटरशेजारीच ठेवला, भिंगातून बघायचो, पुन्हा शाई पातळ करायचो —

आणि एक दिवस बाटली आडवी झाली. नेमकी चेहऱ्यावर. पुसायला गेलो तर चेहराच रुमालावर आला.

खरं सांगायला हवं होतं, नाही का? मी काय केलं — बदनापूरच्या मामाला जेवायला बोलावलं. त्याच्या मिशा तशाच होत्या. फेटा बांधून बसवलं, फोटो काढला आणि त्याचं तोंड त्या उरलेल्या फेट्याखाली बसवलं. राखाडी शायांनी जोड असा झाकला की मलाच सापडेना. खोटं कशाला बोलू, त्या प्रिंटचा मला अभिमान वाटला होता. जुना फोटो फ्रेममध्ये मागे चिकटवलाय, अशी थापही मारली.

वास्तुशांतीला मी पुरणपोळी हाणत होतो आणि समोर भिंतीवर माझा मामा हार घालून लटकलेला. ठणठणीत माणूस! तेव्हापासून मामाला मी मंठ्याकडे फिरकू दिलेलं नाही. हे आठवलं की मला अजून हसू येतं. इथपर्यंतची गोष्ट मी कधीतरी दोस्तांना सांगितलीही असती.

पण पुढचं —

जेवणं झाल्यावर सरूआजी फोटोपुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "त्याह्यचे डोळे बारीक व्हते असं मला वाटू राह्यलं. पन फोटो कशाला खोटं बोलन? मीच इसरले असन."

मामाचे डोळे टपोरे आहेत.

मी काय म्हणालो असेन? गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी हसून म्हणालो, "वय झालं की तसं होतं, आजी." त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, "बराबर हाय." आणि पदराने काच पुसली.

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. भास्कर सांगायचा, रोज सकाळी फोटोला हात जोडतात, त्याच्याशी बोलतात. तो मोठ्या कौतुकाने सांगायचा आणि मी त्याला चहा पाजायचो. आता त्याही नाहीत. फोटो अजून तिथेच आहे, जरासुद्धा फिका पडलेला नाही.

तो जुना फोटो मी कितीतरी दिवस भिंगातून बघितला होता. त्यांचे डोळे बारीकच होते. आजींना नीट आठवत होतं.