दोन पाटे कमी

पंचवीस वर्षं मी टेम्पोत हळदीची पोती वाहिली. त्यामुळं गाडीतलं आपल्याला लई कळतं, असा माझा समज होता. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धंदा बंद केला अन् त्याच टेम्पोचं घर बनवलं. मागं बंद बॉडी, तिला एक खिडकी, आत खाट, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. बसून प्रवास तिला जमत न्हाई, झोपून तरी जमेल. जायचं होतं एकाच ठिकाणी, साखऱ्याला, तिच्या थोरल्या बहिणीकडं. ती गुडघ्यांनी घरात अडकलेली, ही कमरेनं. दोन वर्षं दोघी फोनवरच एकमेकींची तोंडं पाहून राहिल्या होत्या.

पहिल्यांदा निघालो ते आखाडा बाळापूरहून हिंगोलीपर्यंतच पोचलो. मी सारखा विचारायचो, "कसं वाटून राहिलं?" ती म्हणायची, "बरं हाय." हिंगोलीत चहाला थांबून मागचं दार उघडलं, तर तिनं पदराचा बोळा दातात धरलेला. गाडी माघारी वळवली. घरी आल्यावर ती म्हणाली, "अक्काला सांगा, आता भेट काही होत न्हाई." माझ्या तोंडातून भलतंच निघालं, "आधी बोलायला काय झालतं?"

मग खाटेवर आणखी दोन गाद्या टाकल्या. शिवाय मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे वझं पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगात, एक पाटा वाढवून घ्यावा म्हणून बाजारातल्या पाटेवाल्याकडं गेलो. आयुष्यभर हेच केलं होतं. गाडी आदळायला लागली की पाटा वाढवायचा.

पाटेवाला माझ्याच वयाचा, तिरसट. त्यानं वाकून कमान पाहिली, मग गाद्या पाहिल्या.

"आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. भाऊ, या गाडीत वझं काय राहते?"

"बायको."

"अन् पाटे ठेवले तुमी पोत्यांचे! वझंच न्हाई, तर पाटा दबंल कशाला? गाडी नुसती उडून राहिली. काढा त्या गाद्या अन् व्हा आडवे. मी चालवतो."

"मी काहून?"

"कधी मागं झोपून पाहिलं काय?"

न्हाई पाहिलं. गाडी माझी, खाट मी बसवलेली, अन् एकदाबी पाठ टेकली नव्हती. कळमनुरीच्या रस्त्यानं त्यानं गाडी काढली. एकेक दणका माकडहाडातून थेट टाळूला. मी धडधाकट माणूस, दोन किलोमीटरात "थांबव" म्हणून ओरडलो. हे सगळं तिनं हिंगोलीपर्यंत सोसलं होतं. तिथंच पडल्या पडल्या मला रडू आलं. पाटेवाल्यानं दार उघडून पाहिलं अन् बाजूला जाऊन तंबाखू मळत बसला.

त्यानं दोन पाटे काढून टाकले. उरलेल्यांना ग्रीस लावलं, झिजलेले बुश बदलले, नवे शॉकॲब्सॉर्बर बसवले, चाकातली हवा बराबर केली. खाट मागच्या चाकांवरून मधोमध सरकवली. मी परत आडवा झालो. खड्डे होतेच, पण आता गाडी डुलत होती, आपटत नव्हती.

दुसऱ्यांदा निघताना तिला बजावलं, "दुखलं तर दुखलं म्हणायचं. खोटं बोललीस तर गाडी इथंच विकीन." सेनगावापर्यंत तिनं तीनदा थांबवलं. तिन्ही वेळा मला बरंच वाटलं.

साखऱ्यात अक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. बायकोला खाली उतरवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "तिला काहून तकलीफ देता? मलाच वर घ्या." त्यांच्या सुनेनं अन् मी धरून त्यांना वर घेतलं. दोघी बहिणी एका खाटेवर आडव्या झाल्या, एकमेकींचे हात धरून रडल्या, मग हसल्या.

"पाव्हणं, चालवा की," अक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"कुठंबी," बायको म्हणाली. "हिनं दोन वर्षांत सोताचं गाव पाहिलं न्हाई."

मी पहिल्या गिअरवर निघालो. अक्का खिडकीतून एकेक घर दाखवत होत्या, ह्यांनी माडी कवा बांधली म्हणून नवल करत होत्या. गाव संपलं, सोयाबीनची वावरं लागली. मागून कोणी माघारी वळा म्हणालं न्हाई. मीबी वळलो न्हाई.