सतरा नंबर, गैरहजर

रावेरच्या शाळेत दहावीला माझा हजेरी नंबर सतरा होता. सर मान खाली घालून नंबर पुकारायचे आणि आम्ही ‘हजर’ म्हणायचं. माझा ‘ह’ घशातच अडकायचा. मी उभी राहिले की मागच्या बाकावरची मुलं हवेत किक मारायची. “चालू होत नाही रे फटफटी! चोक दे तिला!” वर्ग हसेपर्यंत सर अठरावर गेलेले असायचे.

पुढे सतरा आला की तीच मुलं ओरडू लागली, “गैरहजर, सर!” सर नवीन होते, चेहरे ओळखत नव्हते. गलक्यात ते तसंच लिहायचे. मी तिसऱ्या बाकावर गप्प बसून असायचे. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटू लागलं. गैरहजर मुलीला कोणी धडा वाचायला उठवत नाही. रोज एका शब्दासाठी झगडून मी थकले होते.

घरी आई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायची आणि मधातून माझ्या जिभेवर लावायची. त्याने जीभ मोकळी होते म्हणतात. तो तिखट कडूपणा बसमध्येही तोंडात राहायचा.

मग बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली आणि हजेरी कमी म्हणून माझा फॉर्म बाजूला निघाला. आमच्या घरात सातवीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. सरांनी आईला बोलावलं. ती केळीच्या बागेतून तशीच आली, साडीवर चिकाचे काळे डाग.

“तुमची मुलगी शाळेत येतच नाही,” सर म्हणाले.

“माही पोर रोज येते, सर. मी सोता तिले बसमधी बसवते.”

“बसमधून उतरून कुठे जाते, ते विचारा तिला.”

आईने माझ्याकडे पाहिलं. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे माझं अडलेलं वाक्य तीच पुरं करायची. आज तिलाही उत्तर माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत मला संशय दिसला, आणि तो किक मारणाऱ्या मुलांपेक्षा जास्त लागला.

“व... व... व...”

शिपायाने घंटा दिली. सर तासाला उठले नाहीत. त्यांचे मी आजही उपकार मानते.

“वर्गात,” मी म्हणाले. “ति... तिसऱ्या बाकावर.”

सरांनी माझ्या सगळ्या वह्या मागवल्या. प्रत्येक पानावर तारीख होती. एकेक तारीख हजेरीपटाशी ताडून ते लाल पेनाने दुरुस्ती करत गेले, प्रत्येकीपुढे सही. आई शेजारी उभी राहून नुसती पाहत होती. फॉर्म बोर्डाकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून सर सतराला मान वर करायचे, मी हात वर करायचे. मागची फटफटी मात्र परीक्षेपर्यंत चालूच राहिली.

आज मी पदवीधर आहे, धुळ्यात एका ऑफिसात काम करते. फोन वाजला की अजून ‘हॅलो’चा ‘ह’ अडकतो. संध्याकाळी बोलण्याचाच शीण आलेला असतो. तरी आईला फोन करते. माझा शब्द अडला की ती पलीकडे थांबून राहते, पुरा करत नाही. सरांनी वह्या तपासल्या त्या दिवशी घरी गेल्यावर तिने सहाण धुऊन फळीवर उपडी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वेखंड उगाळायला ती काढली नाही.