पेटीवाली चंद्रभागा

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी चंद्रभागेला विचारलं होतं, "नाव बदलायचं का? रूथ ठेवू, एस्तेर ठेवू." ती ओलीचिंब उभी. तशीच म्हणाली, "नको. देवाला हाक मारायची असंल तर त्याला माझं नाव ठाऊक हाय." बाईचा स्वभाव एवढ्यावरून ओळखावा. पण पुढे वीस वर्षं झाली तरी हाक काही आली नाही.

सातपूरच्या त्या मंडळीत, म्हणजे गोदामावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये, बाकी सगळ्यांना ती हाक आलेली, त्यांच्या भाषेत पाचारण झालेलं. कुणाला स्वप्नात, कुणाला आजारपणात, एकाला तर बसस्टॉपवर. दर रविवारी कुणीतरी उठून साक्ष द्यायचं आणि चंद्रभागा मागच्या सतरंजीवर बसून जळायची. जळायचीच, उगाच गोड शब्द कशाला? पेठकडच्या डोंगरातून ती लग्न होऊन इथे आली, तीन वर्षांत नवरा गेला. तेव्हापासून एका कारखान्यात ती लाकडी खोकी ठोकत होती. यंत्रं बाहेरगावी पाठवायला लागतात ती, माणसापेक्षा मोठी खोकी. यात देवाचं काय काम निघणार, असं तिलाही वाटायचं.

मग पुंजाराम वॉचमन वारला. तिच्याच गावाकडचा, याच मंडळीतला. गावी न्यायला टेम्पो आला. चंद्रभागेने आत डोकावून पाहिलं, तर म्हाताऱ्याला भातावर घालतात त्या निळ्या ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं. विकतची शवपेटी त्याच्या पोराच्या आवाक्याबाहेरची होती. तिचं डोकं फिरलं. "यंत्राला खोकं मिळतं आन् माणसाला नाय?" टेम्पो थांबवून ती कारखान्यात गेली, मालकाला विचारून उरलेल्या फळ्या घेतल्या आणि दोन तासांत पेटी उभी केली.

घाईत चूक झाली, आणि तीही खोकी करणाऱ्यालाच जमावी अशी. हाताच्या सवयीने तिने बाहेरून आडव्या पट्ट्या ठोकल्या, यंत्राच्या खोक्याला ठोकतात तशा. टेम्पोबरोबर तीही गेली. गावी पट्ट्यांमुळे रुंद झालेली पेटी खड्ड्याच्या तोंडाशीच अडकली. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. चंद्रभागेने पेटी बाजूला ठेवायला लावली, साडी खोचली, कुदळ घेतली आणि स्वतः खड्ड्यात उतरली. बाईमाणूस मसणवटीत यायचं नाही असा डोंगराचा रिवाज, आणि ही तर कमरेएवढी खाली. वरून ओरडाआरडा झाला. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. कडा तासता तासता तिला एकदम कळलं, की आपण कुणाचाच हेवा करत नाही आहोत. वीस वर्षांत पहिल्यांदा. तिथेच तिला रडू फुटलं आणि कुदळही चालूच राहिली.

त्यानंतर दोन वर्षं डोंगरातून मयताच्या मापासकट निरोप येत राहिले आणि ती पेट्या करत राहिली, फुकट, रंधा मारून, पट्ट्यांशिवाय. मंडळीतल्या बायका मात्र तिच्याजवळ बसेनात. सगळ्यांत पुढे लंकाबाई. ही म्हातारी दोन मुलांच्या एकेका खोलीच्या घरांत पंधरा-पंधरा दिवस वाटून राहायची, पण जीभ कुणाच्या वाटणीला जात नव्हती. "नजरेनं मापं घेत फिरती मेली," ती म्हणायची. "बघितलं की माणूस आडवा!"

शेवटी दिनेश पास्टर घरी आले. "चंद्राताई, स्त्रियांच्या सभेची सेविका म्हणून रविवारी तुम्हाला नेमू, तुमच्यावर हात ठेवून प्रार्थना करू. फक्त ते पेट्यांचं बंद करा. लोक बिचकतात."

सेविका! ज्यासाठी अर्धं आयुष्य झुरली, ते ताटात वाढून समोर आलं होतं. चार दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

रविवारी पास्टरांनी तिला पुढे बोलावलं आणि हात वर केले. चंद्रभागेने मान वाकवली नाही.

"पास्टर, माझं पाचारण झालंय. पुंजारामबाबाच्या खड्ड्यात उभी होते तवा झालं. तुम्ही देताय ते चांगलं असंल, पर ते माझं नाय. हात ठेवायचे तर हातोड्यासकट ठेवा, नायतर ऱ्हाऊ द्या."

"ताई, हे देवाचं घर आहे."

"म्हणून तर इथं बोलते. लपून केलंय का मी काही?"

कीबोर्डवाल्या अमितने बोटं उचलली. तिला वाटलं, आता चपला घालून निघावं आणि परत या जिन्यावर पाऊल ठेवू नये. ती वळलीही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून लंकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि थेट तिच्यापुढे येऊन उभी राहिली. आता ही सगळ्यांदेखत शिव्या घालणार, म्हणून चंद्रभागेने दात आवळले.

"माझं माप घे," म्हातारी म्हणाली. "आत्ताच घे. मेल्यावर पोरं कमी सांगतील."

"आजी..."

"पाय लांब करता येतील एवढी कर गं. जल्मभर आखडून निजले."

पास्टरांचे हात अजून वरच होते. चंद्रभागेने भर मंडळीत म्हातारीला भिंतीशी ताठ उभं केलं, पिशवीतला टेप काढून माप घेतलं आणि वर वीतभर जास्त धरलं.