न परतलेला मांडव

फोन धाकट्या भावाचा, दिनकरचा होता. "ताई, आक्का गेली," एवढंच म्हणाला आणि पलीकडून नुसते हुंदके... मला काय सुचावं? मी विचारलं, "वेलीला पाणी घातलंस का रे?" लोक मला वेडी म्हणतील. पण आमच्या थोरल्या बहिणीची ख्यालीखुशाली आम्ही कायम अशीच विचारली. वेल बरी म्हणजे आक्का बरी. आणि तेरावा झाल्यावर त्याच वेलीवरून आम्हा भावंडांचं वाजलं.

पोलीस ॲक्शननंतर वडील गाव सोडून शहरात, छावणी भागात राहायला आले आणि काही वर्षांतच गेले. आईनं अंथरूण धरलं. आक्का शाळेत शिकवू लागली ती आम्हा दोघांना पोसायला. तिला स्थळं यायची. "आधी हिचं होऊ द्या," म्हणायची. माझं झालं, तोवर तिच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं होतं आणि विचारणारेही थांबले होते.

आमच्याकडं नवरी माहेरी माघारी आली, की मांडव परततात. दारातला मांडव उतरला, की घरातलं कार्य संपलं. मी आले त्या दिवशी मामा डहाळ्या उतरवायला निघाले, तर आक्का मेढीला, म्हणजे मांडवाच्या मानाच्या खांबाला, हात लावून उभी.

"खांब राहू द्या, मामा. वेल चढवायचीय."

"अगं, मांडव परतला नाय तर लोक म्हणतील, अजून लगन हाय घरात!"

"म्हणू द्या की," आक्का हसली. हात मात्र काढला नाही.

मेढीच्या बुडाशी तिनं मधुमालती लावली. काय चिवट वेल हो! जमीन मुरमाड, नळाचा भरवसा नाही, वाट्याला भांडी विसळलेलं पाणी. उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरायच्या. आता गेली म्हणावं, तर पुन्हा पालवायची. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढं गुलाबी व्हायची, मग लाल. खांब कुजले तसे आक्कानं लोखंडी बसवले. त्याला ती मांडवच म्हणायची. एकदा तर लग्नाचे बँडवाले घर चुकून आमच्याच फाटकाशी येऊन वाजवू लागले. मी लाजेनं अर्धी झाले. आक्कानं त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "और थोडा बजाव ना, भाई." तेव्हा तिचा चेहरा... माझ्यानं बघवेना.

तर तेराव्यानंतर दिनकरनं शिडी आणि कोयता काढला. "ताई, गाडी आत घ्यायची तर हे सगळं काढावंच लागंल. किती दिवस ठेवायचा हा मांडव?"

माझा आवाज चढला. "परतायला नवरी माघारी यावी लागते रे! आलीय का ती?"

दिनकरनं कोयता खाली ठेवला. मग पायरीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. डोक्यावर त्या संध्याकाळची फुलं उमलत होती, पांढरी. मी आत गेले, भांडी विसळलेलं पाणी आक्काच्या बादलीत भरलं आणि मेढीच्या बुडाशी ओतलं.