शिट्टीसकट

माझी आत्या कान तपासणीच्या दवाखान्यात काम करते. पेशंटला काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवायचं आणि यंत्रातून बारीक-मोठे सूर सोडायचे, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. त्या सुरांनीच तिला नाद लावला. मोडीत निघालेली दोन यंत्रं घरी आणून ती त्यांचे आवाज एकमेकांवर चढवू लागली आणि गेल्या वर्षी तिचा पहिला अल्बम तयार झाला.

एका छोट्या संगीत कंपनीचा माणूस तो ऐकून घरी आला. "काम वेगळं आहे, ताई," तो म्हणाला. "फक्त खाली एक ठेका टाकू, आणि ती चार मिनिटांची शिट्टी काढू. लोकांचं डोकं उठेल."

"ठेका नको. आणि शिट्टी राहणार."

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, दारात आलेल्या माणसाला घालवतेस? कोण ऐकणार आहे हे?"

"दादा, तुझ्या उजव्या कानाला ती शिट्टी ऐकूच येत नाही. मीच तपासलाय तो. तू मध्ये बोलू नकोस."

तो माणूस अर्धा चहा तसाच ठेवून गेला. त्याच दुपारी आत्याने अल्बम स्वतःच इंटरनेटवर टाकला, शिट्टीसकट. महिन्याभरात एकेचाळीस जणांनी ऐकला. त्यातल्या एकाने लिहिलं, "यापेक्षा आमचा मिक्सर बरा वाजतो."

आत्याने उत्तर दिलं, "पुढच्या अल्बमला तोच घेते."

ती थट्टा नव्हती. आता रविवारी सकाळी स्वयंपाकघराला आतून कडी असते आणि बाबा चहासाठी बाहेर ताटकळत असतात.